पाइपावरची पाच मिनिटं

३ फेब्रु. सोम.
पाय लई ठणकतोय तरी लिहिते. सोनल आली व्हती, माझी नात. हपिसाच्या जीपनं, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटू. आपल्याकडं छोटी मेट्रो येनार, तिच्या ठेसनाभवतीचा नकाशा हिच्या हपिसानं काढलाय. रस्तं कुठं, दुकानं कुठं, नवी घरं कुठं. निम्म्या रेघा हिच्या हातच्या! मेथी निवडता निवडता सांगत व्हती, "माई, ठेसनापासून पाच-दहा मिनिटांत चालत जाता येईल तिथवरच नवं गाव. गाडी काढायलाच नको." म्हनलं, आमी जन्मभर चालतोच की. हसली. हिचा बाप अस्साच हसायचा, दात म्होरं. मेथी यंदा किडकी.

५ फेब्रु.
पंचायतीत नकाशा लावलाय. धाकट्या सुनेसंगं, सुनीतासंगं, बघून आले. ठेसन कालव्याच्या पल्याड, शिक्रापूरच्या रोडला. भवतीनं लाल गोल, चालत जायच्या अंतराचा. आमची वस्ती गोलात! शेजारची शेवंता म्हनली, "नातीनं बरं गोलात घेतलं तुम्हाला." म्हनलं, तुलाबी घेतलंय गं, जळू नगंस.
येताना सुनीता हळूच, "आत्या, आपल्या वस्तीम्होरं कालव्यावर पूल कुठंय ह्यात?"
न्हाईच.

६ फेब्रु.
सोनलला फोन. पूल का न्हाई, इचारलं. तिनं कागद चाळलं. मग, "माई, सर्व्हेत वस्तीचं 'चालत पाच मिनिटं' आलंय. वरून काढलेल्या फोटोतपण कालव्यावर काहीतरी आडवं दिसतं. मला वाटलं पूल आहेच."
तो पाण्याचा पाइप. पोर पुण्यात वाढलेली, इथं येती ती जीपनं, लांबनं वळसा घालून. तिला काय ठावं.
आन् पाच मिनिटं कुनी सांगितली? मीच. पावसाळ्यात दोन पोरं आली व्हती कागद घिऊन. च्या पाजला. "मावशी, पलीकडं रोडला जायला किती वेळ?" म्या ऐटीत, पाच मिनिटं! सगळी वस्ती हेच सांगती. पाव्हण्यालाबी सांगतो. पाइपावरनं जातो हे कुनी बोलत न्हाई, लाज न्हाई, सवय. पोरं सायकल खांद्यावर घिऊन जात्यात. सुनीता रोज कंपनीची बस धराया जाती, हातात चपला, खाली पानी. मी सोता तीन वर्सं पाऊल ठिवलं न्हाई त्याच्यावर.
जेवन गेलं न्हाई.

९ फेब्रु. रवि.
सोनल आली. मला म्हनली, चल माई, रस्त्यानं जाऊन बघू. मोबाइलात घड्याळ लावलं. वळसा घालून, मोठ्या पुलावरनं, ठेसनाच्या जागेपत्तोर. दोनदा बसले. बेचाळीस मिनिटं. "बसलीस तेवढी वजा करू का?" म्हनलं, करू नगं, म्हातारी मानसं बसत्यातच.
येताना म्हनली, "नकाशा जाहीर झालाय, आता मला हात लावता येत नाही. वस्तीतल्या कुणीतरी हरकत घ्यायला पाहिजे. लेखी. ह्या वेळी नकाशात पूल धरला नाही तर परत कधी, सांगता येत नाही."
"तुझ्याच नकाशावर हरकत? तुझा सायेब काय म्हनंल?"
"बोलेल."
कांद्याच्या पाती वाळाया लागल्यात, काढनी तोंडावर.

१३ फेब्रु.
हरकत लिव्हली. चौथी शिकलेली मी, तीन कागद फाडलं. शेवंता डोकावली, "माई, नातीच्या नोकरीवर उठलाय व्हय?" सोनलचं नाव न्हाई घातलं. लिव्हलं, पाच मिनिटं मी सांगितली, ती पाइपावरची व्हती, चूक माझी. रस्त्यानं बेचाळीस. पूल पाहिजे. खाली सही, जोडाक्षर चुकलं, ऱ्हाऊ दिलं.
लई दमले. लिव्हन्यात एवढं दमायला हुतं?

१७ फेब्रु.
हरकतीचा कागद हपिसात दिला. शिक्का मारून दिला त्यांनी.

४ मार्च, मंगळ.
शिरूरला सुनावनी. एस्टीत उभी, मग एका पोरीनं जागा दिली. सोनल सायबाच्या मागं बसल्याली, वळख दाखवायची न्हाई असं ठरल्यालं.
सायेब म्हनला, "आजी, पाच मिनिटं तुम्हीच सांगितली ना?"
"व्हय. कशावरनं जाता, ते तुमच्या मानसांनी इचारलं न्हाई."
लोक हसलं. सायेब हसला न्हाई. मागं वळून, "हे जागेवर जाऊन कोणी तपासलं?"
सोनल उभी ऱ्हायली. "मी तपासायला हवं होतं, सर. नाही तपासलं."
मला वाटलं, सगळ्यास्नी वरडून सांगावं, ही माझी नात हाय. न्हाई सांगितलं. पान्याची बाटली उगाच उघडली, झाकली.
सायेब म्हनला, बघतो. कायतरी लिव्हलं.

१२ मार्च
सोनलचा फोन. नकाशा वर मंजुरीला गेला. तिला दौंडच्या बाजूचं दुसरं काम दिलंय, ही फाईल तिच्याकडं न्हाई. आवाज बरा व्हता का बरा काढत व्हती, कळंना.
"आन् पूल?"
"धरला की नाही, मला आता दिसत नाही, माई."
म्हनलं, जेवलीस का? म्हनली, हो. खोटं बोलती, बापागत.
सकाळी सुनीता कामाला गेली. पूर्वी मी दारातनंच हाक मारायची. आता कालव्यापत्तोर जाते. पाइपाच्या मधोमध ती जरा थांबली, वारं व्हतं. पल्याड पोचून तिनं हात केला, मग मी माघारी आले.