वाकळीतलं वरण

प्रिय कमल,

आज दुपारी आपला मिलिंद नांदेडला परत गेला आणि त्याच्या गाडीत माझी बॅग नव्हती. ही बातमी तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो. एसटीत कंडक्टरकी करण्यात जन्म गेला, पण बायकोला पत्र हे पहिलंच. नावानं हाकही पहिल्यांदाच मारतोय. आयुष्यभर "ऐकलंस का" यावर भागवलं.

तू गेलीस, त्यानंतर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग सगळे आपापल्या गावी गेले. मिलिंद आणि सूनबाई "नांदेडला चला" म्हणत होते आणि मी "बघू" म्हणत होतो. उदगीर सोडून तिसऱ्या मजल्यावर जाऊन मी काय करणार? तिथं मला ओळखतं कोण? इथं स्टँडवर गेलो तर अजून चार ड्रायव्हर चहा पाजतात.

पण मागच्या महिन्यात मी घोळ घातला. गॅसवर डाळ ठेवली आणि "आलोच" म्हणत स्टँडवर गेलो. म्हणत तरी कुणाला होतो, देव जाणे. परत आलो तर घरात धूर, पातेल्याचा कोळसा, आणि ओट्यापाशी शेजारच्या रुक्मिणबाई. दार उघडं टाकून गेलो होतो म्हणून त्यांना आत येऊन गॅस बंद करता आला. "मिलिंदला सांगू नका," म्हणून मी हात जोडले. त्यांनी संध्याकाळच्या आत सांगितलं. बरोबरच केलं म्हणा.

मिलिंद फोनवर ओरडला असता तर मी भांडलो असतो. तो हळूच म्हणाला, "बाबा, मला भीती वाटून राहिली. पुढच्या महिन्यात न्यायला येतो." यावर काय भांडणार?

तेव्हा मला तुझी पेटी आठवली. बचत गटाच्या बाईंनी तुला ती पद्धत दाखवली होती. पत्र्याची जुनी ट्रंक, तळाला भुसा, वर जुन्या साड्यांची वाकळ. डाळ भिजवायची, गॅसवर चांगली उकळायची, झाकण लावून पातेलं उकळतं असतानाच वाकळीत गुंडाळायचं आणि ट्रंक बंद. पुढचं शिजणं आपोआप. आपला सिलिंडर संपतच नाही म्हणून गल्लीतल्या बायका तुला विचारायला यायच्या.

आणि मी? मी तुझी टर उडवायचो. गच्चीवर काळा रंग दिलेलं पिंप ठेवून तू उन्हानं अंघोळीचं पाणी तापवायचीस, तेव्हा मी म्हणायचो, तुझ्यासारख्या दहा बायका निघाल्या तर वीजवाल्यांना दुकान बंद करावं लागेल. तू शांतपणे म्हणायचीस, "लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते इतक्यात विसरलात? जमिनीतून नुसतं काढतच राहायचं का माणसानं?" मग मी पेपर उघडायचो.

त्या ट्रंकेवर एकदा माझे दोन मित्र बसले होते. तू आतून धावत आलीस, "उठा, उठा, वरण हाय त्याच्यात!" ते पोट धरून हसले आणि मला लाज वाटली. तुझ्याशी मी दोन दिवस बोललो नाही. कशासाठी, सांग? गरम वरणासाठी?

कमल, खरी लाज मला आत्ता वाटतेय. ड्यूटी संपवून मी तीन वाजता घरी यायचो आणि ताटात वाफ निघणारं जेवण असायचं. बस उशिरा आली तरी वाफ असायचीच. मला वाटायचं, तू मला लांबून येताना बघून पुन्हा गॅस पेटवत असशील. ते अन्न त्याच ट्रंकेतनं येत होतं. ज्याची मी चारचौघांत थट्टा करायचो, तेच रोज जेवत होतो. तू कधी बोलून का दाखवलं नाहीस? एकदा तरी ऐकवायचं होतंस.

शिकवायला मात्र तू आली होतीस, हे कबूल करतो. "बायकांची कामं मला नको," असं म्हणालो होतो मी. त्याचीच फळं आता भोगतोय.

ट्रंक माळ्यावरून खाली काढली. पहिल्या दिवशी डाळ कच्चीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी चारदा झाकण उघडून बघितलं, ती गारच झाली. तिसऱ्या दिवशी अजिबात उघडलं नाही, तरी डाळ दाताखाली कचकचतच राहिली. शेवटी रुक्मिणबाईंना विचारलं.

"भाऊजी, एकट्यापुरती टाकली का डाळ?"

"हाव. दुसरं कोण हाय खायला?"

"मग कशी शिजंल? तळाला वाटीभर डाळ असली की लगेच गार होती. ह्याला पातेलं भरलेलं लागतंय."

त्या गेल्यावर मी डाळीचा डबा पुन्हा ओट्यावर काढला. एका माणसाचं त्या पेटीत शिजतच नाही, हे मला कुठं ठाऊक होतं?

आता पातेलंभर वरण करतो. अर्धं रुक्मिणबाईंकडं जातं, त्यांच्याकडून भाकरी येते. गॅस चालू असेपर्यंत शेगडीसमोरून हलत नाही. बंद केला की मग खुशाल स्टँडवर जातो. वरण वाकळीत असतं, जळायला खाली जाळच नसतो.

आज मिलिंद आला तो बॅग भरायलाच. मी म्हटलं, आधी जेव. त्यानं स्वतःच ट्रंक उघडली आणि वाकळीच्या घड्यांत दोन्ही हात घालून तसाच उभा राहिला.

"बाबा, ह्याच्यात तुमच्या खाकी शर्टाचा तुकडा हाय."

मी बघितलं. होता. न विचारता माझा शर्ट फाडलास तो फाडलास, वर सांगितलंही नाहीस.

तो पोटभर जेवला. मग विचारलं, "गॅस किती वेळ चालू होता?"

"पंधरा-वीस मिनिटं. समोर उभा होतो."

त्यानं सूनबाईला फोन लावला. "बाबा येत न्हाईत. इथंच राहू दे त्यांना. लई चांगलं करून राहिले." मी नळाखाली ताट धरून तोंड फिरवून उभा राहिलो.

निघताना म्हणाला, "आम्हाला बी एक अशी वाकळ पाहिजे. दोघं कामावर जातो, घरी आल्यावर गरम मिळंल." मी म्हटलं, हीच ने. तो म्हणाला, "ही तुमच्याजवळच राहू द्या. दुसरी शिवा."

टाका कसा घालायचा ते रुक्मिणबाई दाखवणार आहेत. साड्या मात्र तुझ्या लागतील, आणि तुझं कपाट मी आठ महिने उघडलेलं नाही. किल्ली समोर खिळ्याला आहे. रोज बघतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. आत तुझा वास असणार, त्याची धास्ती वाटते.

उद्या सकाळी उघडतो. टाके वाकडे येतील, लेकाची वाकळ बेढब होईल, तू असतीस तर उसवून पुन्हा शिवायला लावली असतीस. रडू आलं तर रडेन. पण रिकाम्या हातानं कपाट बंद करणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझा,
किसन