दुकानाची बॅटरी

आई, सुप्याच्या एका हॉटेलबाहेर बसून तुला लिहितेय. तुझ्या नातवाने विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. पुण्याहून नगरला लग्नाला निघालो, तर इथे ती चार्जिंगला लावून तास झाला. माझा तिसरा चहा झाला, तिचं पोट काही भरत नाही. नातू कुरकुरतोय, "संपलेली बॅटरी काढून भरलेली बसवून द्यायला काय होतं यांना?" शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ त्याला समजावतात की हे व्यवहारात बसायचं नाही, आपली नवी देऊन दुसऱ्याची जुनी कोण घेईल? मला हसू आवरेना. नगर जिल्ह्यातल्या अकोले गावी आपल्या पत्र्याच्या दुकानात तू हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सोडवला होतास, आणि तुझी शाळा चौथीपर्यंतची.

बाबा गेल्यावर तू बॅटरी चार्जिंगचं दुकान बंद करशील, असं सगळे धरूनच चालले होते. तिसऱ्या आठवड्यात तू पदर खोचून कुलूप उघडलंस. मी तेव्हा वीस वर्षांची. ॲसिडची भोकं पडली नाहीत असं तुझं एकही लुगडं नव्हतं. आपली गिऱ्हाइकं म्हणजे डोंगरातल्या गावांचे लाउडस्पीकरवाले. तिकडे वीज नव्हती, लग्नात कर्णा वाजायचा तो बॅटरीवर. बिचारे एस.टी.च्या टपावर बॅटरी टाकून यायचे, ती ठेवून रिकाम्या हाताने जायचे आणि न्यायला पुन्हा यायचे. मधे वीज गेली की तिसरी खेप. एकदा तू म्हणालीस, "मानूस कशाला थांबवायचा? बॅटरी थांबंल की." आपली रिकामी ठेवायची, दुसऱ्या कुणाची भरून तयार असलेली उचलायची आणि आलेल्याच एस.टी.ने परतायचं.

त्यांना ते पटेना. "वैनी, माझी औंदाच घेतल्याली हाय, मला कुनाची म्हातारी देता व्हय?" असं एक म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, दसऱ्याला हळदकुंकू लावून पूजलेली बॅटरी परक्याच्या घरी कशी धाडू? तू वाद घातला नाहीस. पुढच्या दसऱ्याला सगळ्यांना बॅटऱ्यांसकट दुकानात बोलावलंस. सतरंजीवर सगळ्या मांडल्यास, प्रत्येकाला प्रत्येक बॅटरीला हळदकुंकू वाहायला लावलंस, सगळ्यांवरून झेंडूची एकच लांबलचक माळ घातलीस आणि विचारलंस, "आता सांगा, परकी कंची?" कुणाला बोट दाखवता येईना. मग म्हणालीस, "आजपासनं ह्या दुकानाच्या. तुमी फकस्त करंट न्यायचा. खराब निघाली तर दोष माझा, तुमचा न्हाई." गृहस्थांच्या प्रश्नाचं सगळं उत्तर या एवढ्यात आलं, पण त्यांना कोण सांगणार.

नियम दोनच. आधी येईल त्याला आधी. आणि काचेची नळी आत बुडवून बॅटरी पुरती भरल्याचं गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जायची नाही. मी एकदा ओळखीच्या माणसापुढे जरा चांगली सरकवली, तर तू चारचौघांत झापलंस, "दुकानात डावं-उजवं करायचं न्हाई." तेव्हा राग आला होता. आज वाटतं, केवढी ताठ कण्याची बाई होतीस तू.

मग ते दुष्काळाचं साल. लग्नं आधीच थोडी. आपला सगळ्यांत जुना, म्हातारा कर्णेवाला दुपारी दुकानात बॅटरी आदळतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. ऐन मंगलाष्टकांत कर्णा बंद पडला. "वैनी, वऱ्हाडानं मला मांडवातनं भाईर काढला. आता मला कोन बोलवंल?" तू कुणाला काही विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलीस. मुलीच्या बापासमोर, जमलेल्या गावासमोर हात जोडून म्हणालीस, "ह्यांचा दोष न्हाई. माझ्या दुकानाची बॅटरी कच्ची निघाली." हे म्हाताऱ्यानेच मला नंतर सांगितलं. त्याची बोलावणी थांबली नाहीत, आणि कुणी आपली बॅटरी परत मागायलाही आलं नाही. तू मात्र त्या दिवसापासून प्रत्येक बॅटरीत नळी दोनदा बुडवायचीस आणि मला हाक मारायचीस, "तू बी बघ गं. माझी नजर कमी झालीया."

आई, म्हातारा ती बॅटरी घेऊन गेला तेव्हा तू बाजाराला गेली होतीस. दुकानात दोनच शिल्लक होत्या, एक पुरती भरलेली आणि एक अर्धीकच्ची. तो आधी आला होता, भरलेली त्याची होती. मी ती गोणपाटाखाली सरकवली आणि त्याला कच्ची दिली. नळी हातात घेतल्यासारखं केलं, तर तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी, वैनीच्या दुकानात काय बघायचं?" संध्याकाळच्या एस.टी.ने दुसरा एक कर्णेवाला यायचा होता. पांढरा सदरा, शीळ घालायची सवय. त्याचंही दुसऱ्या दिवशी लग्न वाजवायचं होतं, आणि त्याचा कर्णा मधेच थांबू नये असं मला फार वाटत होतं. पुढे तू आनंदाने त्यालाच जावई करून घेतलंस.

ते आत्ता मोटारीत मागच्या सीटवर झोपलेत. त्या साली आपला कर्णा एकदाही थांबला नाही, असली होती सासूबाईंची बॅटरी, हे ते आजही लग्नकार्यात सांगतात, आणि मी जेवणाचं बघायला आत जाते. नातू हाक मारतोय, गाडी भरली. हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवते, त्या दोघांना तो दिसायला नको.

तुझी नजर कमी झाली नव्हती, आई.