पक्क्या रंगाची हळद

बाबा,

मॅडमनी फळ्यावर ऑर्थो-टोल्युइडिन असं लिहिलं, त्या क्षणी माझं कॉलेज संपलं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग त्या म्हणाल्या, पिवळा रंग बनवायला हे लागतं, आणि माझ्या डोक्यात तुमचा आवाज आला, आज टोलूचं पिंप सांडलं रे. तुमच्या तोंडी तो कायम टोलूच, शेजारचं एखादं वांड कार्टं असल्यासारखा. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीतून तुम्ही घरी आलात की मी विचारायचो, टोलूने आज काय केलं? मॅडम सांगत होत्या की अशी काही रसायनं पेशीत शिरून डीएनएची अक्षरं बदलतात, याला उत्परिवर्तन म्हणायचं, एका दिवसात काहीच दिसत नाही, वर्षानुवर्षं चुका साठत जातात आणि मग मूत्राशयाचा कॅन्सर होतो. पोरं लिहून घेत होती. परीक्षेला येतं ते.

मी उभा राहिलो. तुम्हाला हे सगळं माहितीये तर कंपनीच्या गेटवर जाऊन का नाही सांगत, असं ओरडलो. मॅडम बस म्हणाल्या, मी स्टूल लाथेने उडवलं आणि निघालो. सेकंड इयर तिथेच राहिलं. बारावीपासून माझ्या वर्गात असलेली ती माझ्या मागे पळत जिन्यापर्यंत आलेली, काय झालं ते तरी सांग म्हणत होती, तिलाही वाट्टेल ते बोललो. मॅडमशी भांडण झालं म्हणून सोडलं, असंच मी अजून सगळ्यांना सांगतो. पण राग मॅडमवर नव्हताच. त्या आपल्या समोर होत्या म्हणून सापडल्या.

तिला तुम्ही एकदाच भेटलात. बारावीची प्रॅक्टिकल होती, मी हॉल तिकीट घरी विसरलेलो, आणि तुम्ही रात्रपाळी करून तसेच ते घेऊन कल्याणला आलात. ती माझ्या बाजूला उभी होती. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून मी तेव्हा दोन-दोन रिक्षा सोडायचो. तुमचे हात मनगटापर्यंत पिवळे, नखांच्या कडा पिवळ्या, कानाची पाळीसुद्धा. तिने सहज विचारलं, काका, हात एवढे पिवळे कशाने? तुम्ही तोंड उघडायच्या आत मी बोललो, "काल हळद होती. आत्याच्या मुलीची."

आपल्याकडे कोणालाही पटेल असंच खोटं होतं ते. इथे हळदीला लग्नापेक्षा जास्त माणसं येतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग हसलात आणि म्हणालात, "हो ना पोरी, डीजेवाल्याने सोडलंच नाही. पायांचे तुकडे पडलेत."

ती खूप हसली. म्हणाली, आमच्याकडची हळद एका आंघोळीत जाते, ही कुठली?

"ही खास असते," तुम्ही म्हणालात. "सहजासहजी निघत नाही."

 दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कपड्याच्या पावडरने हात घासायला लागलात. आई म्हणायची, अहो, सालटी निघाली, कोणाला दाखवायचेत हात? मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असायचो. लघवी लाल व्हायला लागली तेव्हा तुम्ही आईला बीट खाल्लंय म्हणून सांगितलंत. हेही पटण्यासारखं. खोटं बोलण्यात आपण दोघं सारखेच हुशार. शेवटी ठाण्याला हॉस्पिटलात होतात तेव्हा तुमचे हात अगदी गोरे झालेले. एवढं मनासारखं झालं होतं, पण मला त्या हातांकडे बघवत नव्हतं.

आता मी शहाडला एसी दुरुस्तीचं काम करतो. ती ठाण्याच्या एका लॅबमध्ये आहे. तिनेच मला परत शोधून काढलं, मी बोललेलो सगळं विसरल्यासारखी. कांद्याला ग्लासातल्या पाण्यात मुळं फुटवते, पाण्यात उत्परिवर्तन घडवणारं रसायन घालते, दुसऱ्या ग्लासात त्याच्यासोबत हळद, तिसऱ्यात आवळा, आणि मुळांच्या टोकांतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघते, बिघाड कुठे कमी होतो ते. मी म्हटलं, म्हणजे हळद खाल्ली की झालं? तर मला झापलं. निसर्गातलं सगळं औषध नसतं रे, बुरशी धरलेल्या शेंगदाण्यातलं विषही निसर्गातलंच, आणि कांद्यात दिसलं ते माणसात खरं होईलच असं नाही. ती असं बोलायला लागली की मी ऐकत बसतो, निम्मं कळत नाही तरी.

आणि गेल्या महिन्यात ती म्हणाली, "तुझ्या बाबांची ती हळद कुठली होती रे? एवढी पक्की. मला थोडी आणून दे ना, लॅबमध्ये लावून बघते."

काय सांगू, बाबा? हातावर दिसायचा तो तयार रंग. टोलू दिसायचाच नाही, तो आत गेलेला. आणि मी त्याला हळद म्हणालो. ज्याने तुम्हाला नेलं त्याला, ती जे वाचवणारं म्हणून शोधतेय त्याचं नाव दिलं मी. महिनाभर आज आणतो, उद्या आणतो केलं. काल बाजारातून हळदीची पुडी घेऊन आलो. गावची म्हणून देणार होतो. तिला मागणी घालायचं मनात आहे, आणि सुरुवात परत तुमच्या हातांबद्दल खोटं बोलूनच करणार होतो.

खरं सांगायला जीभ रेटत नाही, कारण आज तिच्या आठवणीत तुम्ही नाचताय. कल्याणला कॉलेजच्या गेटवर उभा राहिलेला, पाय दुखेपर्यंत नाचून आलेला हसरा काका. तिने तुमचं असं एकच चित्र ठेवलंय. मी सांगितलं की तुम्ही नाचायचं थांबाल आणि पिंपाशी जाऊन उभे राहाल. पण तुम्ही उभे तिथेच होतात. नाचायला मी पाठवलं होतं.

तिचा फोन येऊन गेला, खाली रिक्षा स्टँडला उभी आहे. पुडी फोडून आईच्या मसाल्याच्या डब्यात ओतलीय, फेकून नाही दिली, तुम्हाला आवडलं नसतं. हा कागदही त्या डब्याखालीच ठेवतो. तुम्ही कुठे वाचणार आहात. तिने विचारलं तर सांगेन, आणि नाही विचारलं तरी सांगेन, असं ठरवलंय. पण खरं सांगतो बाबा, डबा लावताना बोटं पिवळी झाली, आणि खाली जायच्या आधी मी ती दोनदा धुतली. निघतो. दार ओढून घेतो.