डेल्फिनचा परवाना

३ मार्च

अशक्य! शेरीफ वेडने आज रिकाम्या हाताने परत पाठवले. हा नवा कायदा नीट मांडून पाहू. बंदूक विकत घ्यायची तर परवाना हवा. परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला हवा. दाखला मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचाच हवा — आणि आमच्या जिल्ह्यात असा प्रशिक्षक एकही नाही! मी एकतीस वर्षे शिकाऱ्यांना सुरक्षिततेचे धडे दिले. वेड स्वतः माझ्या वर्गात होता. दोनदा नापास.

"सर, नियम मी केलेला नाही," म्हणतो.

"मग पाळतोस कशाला?"

"पगार तिथूनच येतो ना!"

मान्यतेचा वर्ग राजधानीत, साडेतीनशे मैलांवर. जूनपर्यंत जागा नाही.

माझे सोडा, माझ्या कपाटात नऊ आहेत. दहावी मिळाली नाही म्हणून काही अडत नाही. अडते ते डेल्फिनचे. माझी जुनी विद्यार्थिनी, आता इथल्या दवाखान्यात परिचारिका. डांबरी रस्ता संपतो तिथे एकटी राहते. तिचा जबडा मोडल्याबद्दल तुरुंगात गेलेला तिचा पूर्वीचा नवरा, रॉस, महिन्यापूर्वी सुटला. त्याने तिच्यापासून दूर राहावे असा न्यायालयाचा आदेश आहे. म्हणजे कागद! तिच्या फाटकापर्यंत पोहोचायला शेरीफच्या गाडीला चाळीस मिनिटे लागतात. माझी एखादी बंदूक तिला वापरायला द्यावी, तर नव्या कायद्याने तोही गुन्हा.

९ मार्च

वकील आर्बोगास्टबाईंनी एक सुंदर मुद्दा समजावला: या कायद्याविरुद्ध दावा लावायला नुसता राग पुरत नाही, नकार लागतो. मागितले आणि मिळाले नाही, हे सिद्ध व्हायला हवे. म्हणून डेल्फिन आणि मी नकार आणायला गसच्या बंदुकांच्या दुकानात गेलो.

गस कानकोंडा झाला. "सर, बंदूक धरायला तुम्हीच शिकवलंत मला. आता मी तुम्हाला नाही कसं म्हणू?"

"मोठ्याने म्हण. आणि लिहून दे."

"मलाही द्या एक," डेल्फिन म्हणाली. "मला तर आयुष्यात कुणी इतक्या प्रेमानं 'नाही' म्हटलेलं नाही."

तिघेही हसलो. बाहेर आल्यावर पाहिले, गाडीत बसण्याआधी तिने वाकून मागची सीट तपासली.

२ एप्रिल

दावा दाखल. वादी दोनच: ती आणि मी. "मला कोर्टातलं काही कळत नाही, सर," म्हणाली. मी म्हटले, "मी आहे ना समजावायला!"

१९ एप्रिल

सरकारचे उत्तर आले. चौसष्ट पाने. 'प्रशिक्षक' हा शब्द एकदाही नाही. मी दोनदा तपासले.

८ मे

निर्लज्जपणाची कमाल! सरकारने 'विशेष बाब' म्हणून डेल्फिनला परवाना मंजूर केला. दाखल्याशिवाय! शेरीफच्या कचेरीत तयार ठेवला आहे, तिने फक्त सही करून उचलायचा.

"डाव आहे," आर्बोगास्टबाई म्हणाल्या. "तिनं तो घेतला की तिची तक्रारच उरत नाही. मागे उरणार कोण? नऊ बंदुकांचे धनी तुम्ही! न्यायाधीश हसत हसत दावा काढून टाकतील."

हा न्याय नव्हे, तोंड बंद करण्याची किंमत आहे! एकीला द्यायचे आणि तिच्यासारख्या शेकडो जणींना दारातच उभे ठेवायचे! रागाने जेवण गेले नाही.

"सुनावणी अठ्ठावीसला," बाई पुढे म्हणाल्या. " तोवर तिनं परवान्याला हात लावू नये. तुम्हीच समजवा तिला. तुमच्याइतकं कुणाला जमणार?"

११ मे

डेल्फिनकडे जाऊन आलो. दीड तास बोललो, आणि चांगला बोललो. आधी दाव्याचे तत्त्व, मग सरकारची युक्ती, मग तिच्या नकाराचे महत्त्व. कागदावर आकृतीही काढून दिली. मध्ये तिला काही विचारायचे होते. म्हटले, "हा मुद्दा संपू दे, प्रश्न शेवटी." शेवटी तिला प्रश्नच उरला नाही.

"कळलं, सर," एवढेच म्हणाली. दारापर्यंत पोहोचवायला आली.

राग थोडा निवळला. अशी विद्यार्थिनी असावी!

१३ मे

आर्बोगास्टबाईंचा फोन. डेल्फिनने काल सकाळीच परवाना उचलला, दाव्यातून नाव काढून घेतले. मला एका शब्दाने सांगितले नाही!

तिला फोन लावला. "अडीच आठवडे धीर धरवला नाही तुला? इतके समजावून—"

"सर, तुम्ही आलात ना, त्या दिवशी सकाळी रॉस फाटकापाशी येऊन गेला होता. शेरीफची माणसं पोचली तोवर निघून गेला. तेवढंच विचारायचं होतं मला. पुन्हा आला तर काय करू?"