तेलाचं डोकं अन् तारांची टोपी

माय, तुले जाऊन इतकी वर्सं झाली का आता मीच तुह्यापेक्षा म्हातारी झाली. समोर आली तर तूच मले आजी म्हनशीन. मले अजूनही लिहिता येत नाई. शेजारची अंगणवाडीतली बाई लिहून राह्यली, मी बोलून राह्यली. हा कागद तुले पोचनार नाई, हे दोघींलेही मालूम हाये.

माही नात, म्हंजे तुही पणती, पुण्याले मेंदूचा अभ्यास करते. मांगच्या महिन्यात अनसिंगच्या एसटी स्टँडावर उतरली ते भली मोठी पेटी घेऊन. पेटीत एक तारांची टोपी अन् घोड्याच्या झापडीसारखा जाड चष्मा. टोपी डोक्यातली वीज टिपते, अन् चष्म्यात आपलाच मेंदू घरायेवढा दिसते. चालू असतानीचा. आपन त्याच्यात हिंडाचं. मी म्हटलं, तुह्या बापाले घाल, त्याच्या डोक्यात काय चालते ते मलेही पाह्याचं हाये. ती म्हने, नाई, मले तूच पाह्यजे. खरं सांगू, मी हो काहून म्हटलं? मले तुहा चेहरा आठवत नाई, माय. एकच फोटो, मावशीच्या लग्नातला, त्याच्यातही तू वाढाले वाकलेली, पदर तोंडावर. म्हटलं, भिंतीवर नाई ते डोक्यात तरी असन कुठं. ही पोट्टी हुडकून देईन.

सकाळी उठून मी चापून तेल लावलं. तूच रागवत होती ना, कोरड्या डोक्यानं कोनासमोर जाऊ नको, लोक म्हनतीन हिले माय नाई. नातीनं टोपी घातली अन् कपाळावर हात मारला. "आजी, काय करून ठेवलं हे! तेलातून वीज टिपतच नाई ही टोपी!" मी म्हटलं, "मंग टोपीले सांग, घाण्याचं हाये." तिनं मले मोरीत पाटावर बसवलं अन् डोकं धुतलं. दोनदा. तुह्यानंतर माहं डोकं कोनी धुतलं नाई, माय. तिची बोटं कानामांगं गेली, अन् एकदम न्हानीतला दगड, शिकेकाईनं झोंबनारे डोळे, अन् तुहा अंगठा. भेगा पडलेला, केसात अडकनारा. मी जराशी हालली का डोक्यात टोला.

केस वाळले, मंग टोपी, मंग चष्मा. बाप्पा! समोर फुलकोबीचा हा येवढा गड्डा, अन् त्याच्यात पोहरादेवीच्या जत्रेचे दिवे दुरून दिसावे तशी लुकलुक. नातीनं चष्म्यात एक चेंडू आनला अन् म्हने, मनातल्या मनात उजवा हात उचल, चेंडू वर जाईन. उचलला, तर चष्म्यातला चेंडू खरंच वर गेला. मी म्हटलं, मंग असंच मनातल्या मनात माहं वावरातलं निंदनही होऊ दे. ती हसून राह्यली, तेवढ्यात मी गुपचूप तुले आठवाले लागली. विचारलं, "दिसली का माही माय?" ती म्हने, "आजी, याच्यात चेहरे नाई दिसत वं. कुठं हालचाल होऊन राह्यली, तेवढंच." एवढी मोठी जत्रा, अन् मी तिच्यात एकटी उभी. तू कोन्या दिव्याजवळ बसली, हे सांगनारं कोनी नाई. मंग मी चेहऱ्याचा नाद सोडला. नुसता तुहा अंगठा आठवला, कानामांगून वर जानारा. अन् एका बाजूनं उजेड चढतच गेला. नात वरडली, "आता काय केलं तू? दात तर नाई आवळले? जबडा हालला तरी असं होते." मी म्हटलं, "दात हायेत कुठं आवळाले? मी डोकं धुवून घेऊन राह्यली."

दोन दिवसांनी ती गेली. घर पुन्हा तसंच. भांडं पडलं तरी मीच पाडलेलं असते.

काल तिचा फोन आला. दिवाळीले येते म्हने, टोपी घेऊन. "या वेळी तेल लावू नको हं, आजी." मी म्हटलं, "नाई लावत वं." शेजारीन कलम थांबवून विचारून राह्यली, "काकू, पुढचंही लिहू?" लिही, बाई. कागद तर डब्यातच राहनार हाये. तेलाची मोठी बाटली मी आजच आनून ठेवली, माय.