कारल्याच्या मांडवाला जोडलेला ट्यूनर

काटेवाडी,
शुक्रवार, जेवणं उरकल्यावर

इंदापूरचे बिनतारी महाराज, आमचे थोरले दाजी महिपतराव यांना धाकटा मेहुणा झुंबर याचा वाकून रामराम. आक्काचे गुडघे कसे हायत? तुमची शुगर? (मागल्या वेळंगत बासुंदी खाऊन मोजू नका.) हितं समदी खुशाल. म्हशी खुशाल, ऊस खुशाल, मी तर लईच खुशाल. आमची मालकीण विजयमाला तेवढी माझ्याशी बोलत न्हाय. त्याचं कारण पुढं येतंय.

दाजी, हॅम रेडिओचं, म्हंजे घरच्या सेटवरनं बिनतारी बोलायचं लायसन तुमी माझ्या आधी काढलंत हे मान्य, पण ट्यूनर निवडण्यात आता माझा हात धरणारा बारामती तालुक्यात कुणी न्हाय. ऐंशी मीटरच्या बँडवर धड बोलायचं तर अँटेनाची चाळीस मीटर तार सरळ ताणावी लागती. माझ्याकडं जागा हाय, पण त्या जागंत ऊस हाय, आन् ट्रॅक्टरची ट्रॉली आत शिरली की पहिली तार तीच नेती. म्हणून तार आखूड, आन् तार आखूड म्हणून ट्यूनर. म्हंजे सेट आन् तार यांची सोयरीक जुळवून देणारी पेटी. पहिला घेतला तो आपोआप जुळवणारा. बटण दाबलं की आत टकटक-टकटक, जशी काय पाल चुकचुकती. वरच्या बँडला गुणी लेकरू, पण ऐंशी मीटरला आणला की नुसती टकटक. मी जरा दमात घेऊन पावर वाढवली तर आत ठिणगी पडली आन् वास सुटला. (विजयमालाला वाटलं दूध उतू गेलं. मी तसंच वाटू दिलं.)

मग आणला तो हातानं फिरवायचा, दणकट, आत ही जाडजूड कॉइल. असला ट्यूनर कशालाबी जुळवून घेतो असं ऐकलं होतं. कशालाबी म्हटल्यावर माझं डोकं चाललं. आपला कारल्याचा मांडव हाय न्हवं? एकरभर नुसती तारच तार, आयती ताणलेली, लोखंडी अँगलवर! हे शहरातल्या हॅमवाल्याला सात जन्मात सुचायचं न्हाय. दिली जोडून. हँडल फिरवलं आन् जुळणी दाखवणारा काटा असा गपकन खाली बसला की मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. तुमी फोनवर म्हणाला होता, झुंबरराव, ट्यूनर घरात ठेवू नका, तारंच्या बुडाशी ठेवा, आन् काटा बसला म्हंजे आवाज पोचला असं न्हाय. म्हटलं, दाजींचं वय झालं.

आता मधी शेजारच्या गेणूतात्याची मोटर आली त्याला मी काय करू? त्याच्या विहिरीवर मोबाईलवर चालणारा स्टार्टर हाय, आन् त्याचं कुंपण आमच्या मांडवाला चिकटून. मी माईकचं बटण दाबलं की त्याची मोटर चालू! मी तुमाला तासभर हाका मारल्या आन् तासभर त्याचं पाणी आमच्या कांद्याच्या रोपावरनं वाहिलं. रोप विजयमालानं स्वतः टाकलं होतं, बी आईकडनं आणलं होतं. चिखलात उतरून तिनं एकेक रोप उचलून बघितलं. मग एवढंच म्हणाली, रविवारी सकाळी आठला माझ्यासमोर इंदापूरला बोलून दाखवा, न्हायतर सेट भंगारवाल्याला. दाजी, ही बाई बोलल्यावर मागं फिरत न्हाय. पण तसा मी निवांत हाय. उपकरण अव्वल हाय, निवड अव्वल हाय.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
झुंबर

ता.क. : बारीकशी अडचण अशी की तुमचा आवाज हितं खणखणीत येतो, पण माझा तिकडं ढिम्म पोचत न्हाय. तवा रविवारी आठच्या ठोक्याला तुमाला ऐकू येवो न येवो, तुमी माईकवर म्हणा, झुंबरराव, आवाज एक नंबर. मधी थोडं थांबत जा, म्हंजे मला बोलल्यागत करता येईल. तुमच्या पाया पडतो.

ता.ता.क. : हे फोनवर सांगत न्हाय, कारण घरात फोन कुणाचाबी असला तरी कान तिचेच असत्यात. पत्र मात्र तिच्याकडंच देतोय, उद्या ती बारामतीला बाजाराला चाललीय, तिथनं इंदापूरच्या एस्टीत कंडक्टरकडं देईल, म्हंजे सांजच्याला तुमाला मिळंल. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय न्हाय.

दाजी, मी विजयमाला. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. रविवारी ऐकू आलं तरच आलं म्हणा. न्हाय आलं तर वन्संना घेऊन जेवायलाच या, आन् ती पेटी कुठं लावायची ती एकदा लावून द्या. सेट मी भंगारात देत न्हाय. पुराच्या वेळी लाईट गेली, टॉवर बंद पडले, आन् वन्संचं आपरेशन नीट झालं हे तुमच्या तोंडून मी त्याच सेटवर ऐकलं. त्या दिवशी मी त्याला हळदीकुंकू वाहिलंय, ह्यांना ठावं न्हाय. एवढ्यात सांगूबी नका. भंगारवाल्याच्या भीतीनं का होईना, सध्या पहाटे उठून म्हशींच्या धारा हेच काढत्यात.