थांब्यावरच्या चिठ्ठ्या

आधी गुन्हा सांगतो, मग इस्टेट. आपल्या थांब्यावर रोज सकाळी जी चिठ्ठी चिकटवलेली असते, 'आज गाडी येणार नाही', ती गाडीवाले लावत नाहीत. मी लावतो. आणि गाडी फक्त आजच येणार नाही असं नाही. ती कधी सुरूच झालेली नाही.

आता रीतसर. मी, खाली सही करणारा, वय बावीस, धंदा मिळेल तो, गावात 'भोंगा' या नावाने बदनाम, हे मृत्युपत्र कुणाच्या दमदाटीला न घाबरता, डोकं ठिकाणावर ठेवून लिहितोय. डोक्याला काही झालेलं नाही. बिघाड खाली छातीत आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. सुतारकाकांना म्हटलं, तुम्हीच बसवून द्या की. ते म्हणाले, मी दाराला बसवतो, आणि तीही करकरते. गुरुवारी शहरात ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, वाचेन ना? त्या म्हणाल्या, प्रयत्न करू. परीक्षेच्या आधी मास्तरही माझ्याबद्दल हेच म्हणाले होते. त्याचा निकाल गावाला पाठ आहे.

कलम पहिलं. स्थावर मालमत्ता: काही नाही. जंगम म्हणजे हलणारी. सायकल हलते, पण ढकलली तर. ती न्हाव्याच्या पोराला द्यावी. ब्रेक नाहीत हे त्याला आधी सांगावं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कलम दुसरं. दुकानदारशेठना माझ्या पश्चात काहीही देऊ नये. थांब्याच्या पाटीवर 'थांबा' बारीक आणि 'अध्यक्ष' म्हणून स्वतःचं नाव ठळक रंगवून घेतलंय. त्यांच्या नावातल्या एका अक्षराचा काना मी खरवडलाय, वर्ष झालं तरी त्यांच्या लक्षात आलेलं नाही. तो काना मी त्यांना परत करत नाही.

कलम तिसरं, थांब्याबद्दल. हे जरा लांबेल.

पूर्वी गाडी गावातून जायची. पलीकडून नवा रस्ता झाला आणि ती तिकडून जायला लागली. खेड्यापाड्यांतल्या लहानसहान कामांना अनुदान देणारी एक संस्था आहे. कुणाला वाचनालयावर पत्रे घालून देते, कुणाला पाण्याची टाकी. शेठ म्हणाले, आपणही मागू. समिती झाली, शेठ अध्यक्ष झाले, अर्ज माझ्या गळ्यात पडला, कारण बाकीच्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नव्हतं. मी लिहिलं, 'आमच्या गावाला थांबा पाहिजे.' म्हणजे गाडी इथे थांबली पाहिजे. आपण बोलतोच की, अमक्या गावाला थांबा आहे, तमक्याला नाही. संस्थेच्या मॅडमनी ते वाचलं आणि थांबा मंजूर केला. चार खांब, वर पत्रा, एक बाक, एक पाटी. सुतारकाकांनी बाक झकास केला. गाडीचं काय, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, गाडी आमच्या योजनेत बसत नाही. बाई चांगल्या होत्या, त्यांची चूक नाही. गावाला गाडी हवी होती आणि माझ्या एका शब्दापायी बसायची सोय झाली.

मग मॅडमना फोटो हवा होता, गावकरी थांबा वापरताना. रिकाम्या बाकाचा फोटो गेला तर गावाला पुन्हा काही मिळणार नव्हतं. शेठ म्हणाले, माणसं आण, कशी ते तू बघ. मी दारोदार सांगत सुटलो, सोमवारपासून गाडी सुरू. मला वाटलं, एका दिवसाची गंमत. सगळे ठेवणीतले कपडे घालून, पिशव्या भरून आले. मी वळणाआड उभा राहून तोंडाने गाडीचा भोंगा वाजवला. त्या वेळी दम होता, लांबवर गेला. सगळे एकदम उठून रस्त्याकडे बघायला लागले आणि मॅडमनी फोटो काढला. तो संस्थेच्या कॅलेंडरवर छापून आला. काय चेहरे आहेत एकेकाचे. मी ते पान कधी उलटलं नाही.

गाडी का आली नाही विचारल्यावर मी म्हणालो, वळणावर बिघडली. सगळ्यांना पटलं. गाडी कागदावर चालू आहे आणि रोज बिघडते, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

पण त्यांत मावशीही आली होती. मला तिनेच वाढवलंय. तिची मुलगी, माझी ताई, तिच्याशी भांडून जुन्या गाडीने निघून गेली ती गेलीच. कुणी विचारलं की मावशी म्हणायची, गाडी बंद झाली ना, नाहीतर आली असती. ह्या एका वाक्यावर ती सगळी वर्षं उभी होती. त्या सोमवारी संध्याकाळी ती उंबऱ्यात बसून पिशवीतले कपडे परत काढत होती. मला म्हणाली, "आता गाडी सुरू झाली रे. आता नाही आली, तर मी काय सांगू?"

मला कळलं, आपण काय काढून घेतलं ते. दुसऱ्या दिवशी मी पहिली चिठ्ठी लावली.

ताईला फोनही केला होता. म्हटलं, दुधाच्या टेम्पोने ये, मी हमरस्त्यावर घ्यायला येतो. ती म्हणाली, "मला गाडीची अडचण नाहीये, भोंग्या." आणि ठेवून दिला. त्यानंतर उचलत नाही. ताईला माझ्याकडून काही द्यायचं राहिलेलं नाही, आणि मागायचंही.

कलम चौथं. चिठ्ठ्या सुतारकाकांच्या नावावर करतोय. काका, चिठ्ठ्यांची भानगड तुम्हाला आधीपासून माहीत आहे, आता नाही म्हणू नका. पत्र्याच्या डब्यात लिहून ठेवलेल्या आहेत. संपल्या की स्वतः लिहा, अक्षर माझ्यासारखं काढा, म्हणजे घाणेरडं. 'टायर पंक्चर' लागोपाठ लावू नका. अपघात कधीही लिहू नका, मावशी घाबरेल. 'उद्या नक्की' तर अजिबात लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं. ती पहाटेपासून बाकावर बसून राहिली, आणि मी दिवसभर तिच्या नजरेस पडलो नाही. मावशी आहे तोवर चिठ्ठी चुकवू नका. एक दिवस जरी चिठ्ठी दिसली नाही, तर गाडी आली आणि पोरगी आली नाही, असाच अर्थ ती काढेल.

कलम पाचवं. मावशीला माझं काहीच देता येत नाही, कारण जे आहे ते तिचंच आहे. गुरुवारनंतर मी परत आलो नाही तर तिला सांगा, ऑपरेशन झालं, पण गाडी नाही म्हणून अडकलाय. चालेल तितके दिवस चालवा. फार चालणार नाही, मला माहीत आहे. तरी चालवा.

अजून एक. चिठ्ठी चिकटवायला खळ लागते. मी मावशीच्या डब्यातलं पीठ चोरून शिजवायचो. गेल्या आठवड्यात एका सकाळी मला उठवतच नव्हतं, इतकी धाप लागत होती. कसाबसा स्वयंपाकघरात गेलो, तर चुलीशेजारी वाटीत खळ तयार होती, कोमट, गुठळी न होऊ दिलेली. मावशी पाठ करून भांडी घासत होती. मी विचारलं नाही. तिने मागे वळून बघितलं नाही. मी वाटी घेऊन थांब्यावर गेलो, चिठ्ठी लावली, आणि थोड्या वेळाने ती नेहमीसारखी आली, चिठ्ठी वाचली, आणि बाकावर बसली.

साक्षीदार पहिले: सुतारकाका. पूर्ण वाचून सही केली. वाचताना नाक पुसत होते, म्हणाले भुसा गेला.
साक्षीदार दुसरे: न्हावी. चष्मा दुकानात राहिला म्हणून न वाचता सही केली. बरं झालं. त्यांनी वाचलं असतं तर सगळ्या गावाला दाढीबरोबर ऐकायला मिळालं असतं.
सही: भोंगा
ठिकाण: थांबा, बाकाची डावी बाजू
दिनांक: ज्या सोमवारी 'चालक रजेवर' अशी चिठ्ठी लागली, तो

ता.क. हे वाचणाऱ्याच्या पाया पडतो. कुणाला सांगू नका. शेठना नको, मॅडमना नको, ताईला तर नकोच. मावशीला सांगू नका की गाडी नाही. आणि ते तिला आधीच कळलेलं असेल, तर तिला कळलंय हे मलाही कळलं होतं, एवढं तरी तिला सांगू नका. हात जोडतो.